केमोच्या दुसऱ्या दिवशीचे इंजेक्शन : अंगावर चिकटवायच्या उपकरणाच्या रचनेचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

मिरजेतील एका खासगी रुग्णालयाच्या कर्करोग विभागात येणारे रुग्ण केवळ सांगली-मिरजेचे नसतात. जत, आटपाडी, कवठे महांकाळ या दुष्काळी पट्ट्यातून आणि सीमेपलीकडच्या विजापूर व बेळगाव जिल्ह्यांतूनही लोक पहाटेची एसटी धरून येतात, दिवसभर सलाईनला बसतात आणि संध्याकाळची गाडी गाठून परततात. स्तनाच्या कर्करोगासाठी दिल्या जाणाऱ्या काही तीव्र औषधयोजनांमध्ये रक्तातील पांढऱ्या पेशी, त्यातही जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल, इतक्या घटतात की एरवी अंगावर काढला असता असा ताप जीवावर बेतू शकतो. हे टाळण्यासाठी केमोथेरपीच्या प्रत्येक चक्रानंतर पेगफिलग्रास्टिम या औषधाचे ६ मिलिग्रॅमचे, म्हणजे जेमतेम ०.६ मिलिलिटरचे, एकच इंजेक्शन त्वचेखाली दिले जाते.

इंजेक्शन छोटे असले तरी त्याची वेळ अवघड आहे. केमोनंतर २४ तास उलटल्याशिवाय ते देऊ नये, असा या औषधाचा दंडक आहे, कारण त्याच्या प्रभावाने अस्थिमज्जेतील पेशी झपाट्याने विभागू लागतात आणि अशा विभागणाऱ्या पेशींनाच केमोची औषधे अधिक मारक ठरतात. त्यामुळे मंगळवारी दुपारी केमो संपलेल्या रुग्णाने बुधवारी दुपारनंतर पुन्हा मिरजेत हजर असावे, अशी अपेक्षा असते.

अमेरिकेत या अडचणीवर डिसेंबर २०१४ मध्ये एक उत्तर मंजूर झाले. 'न्यूलास्टा ऑनप्रो' नावाचे उपकरण परिचारिका केमोच्या दिवशीच रुग्णाच्या पोटावर किंवा दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवते, सुमारे २७ तासांनी ते आपोआप सुरू होते आणि साधारण ४५ मिनिटांत औषध शरीरात सोडते. त्याचा तांत्रिक गाभा इन्सुलेट या कंपनीच्या 'ऑम्नीपॉड' या इन्सुलिन पंपाचाच होता. या प्रकरणातील तज्ज्ञ डॉक्टरांना हे उपकरण वाचनातून परिचित होते. तसे काही इथेच बनवता येईल का, असा प्रश्न त्यांनी कुपवाड औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे अचूक सुटे भाग बनवणाऱ्या एका लघुउद्योजकापुढे आणि सांगलीतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापकांपुढे ठेवला. पुढील लेखनात व्यक्तींची आणि संस्थांची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.

अडचण

निमित्त एका रुग्णाचे झाले. जत तालुक्याच्या पूर्व भागातील, डाळिंबाच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या, पन्नाशीच्या या बाईंचे दुसरे चक्र पार पडले. दुसऱ्या दिवशी परत यायचे म्हणजे येण्याजाण्याचा खर्च, सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज आणि केमोनंतरच्या मळमळीत शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास. त्या आल्या नाहीत. आठवड्याभराने ताप भरला, गावातल्या डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या दिल्या आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत न्यूट्रोफिलची संख्या धोक्याच्या पातळीखाली गेली होती. प्रतिजैविकांनी त्या सावरल्या, पण पुढचे चक्र लांबले आणि औषधाची मात्रा कमी करावी लागली. बरे होण्याच्या आशेने दिल्या जाणाऱ्या उपचारात ही तडजोड लहान नव्हे.

डॉक्टरांच्या मनात प्रश्न आला तो उपकरणाच्या रूपानेच, आणि चमूने तो त्याच रूपात उचलला. 'रुग्णाला दुसऱ्या दिवशी मिरजेला यावे लागू नये' आणि 'दुसऱ्या दिवशीचा डोस नक्की शरीरात जावा' या दोन वेगळ्या गरजा आहेत. चमूच्या पहिल्या टिपणात त्या एकाच वाक्यात लिहिलेल्या दिसतात आणि पुढचा बराच गुंता त्या वाक्यातूनच वाढत गेला.

विचारात घेतलेले पर्याय

पर्याय मांडले गेले, पण सगळ्यांना सारखा वेळ मिळाला नाही. रुग्णाने मिरजेतच मुक्काम करणे हा पर्याय नातेवाइकांचे घर जवळ असणाऱ्यांपुरता होता. पेगफिलग्रास्टिमऐवजी साधे फिलग्रास्टिम वापरले तर ते स्वस्त पडते, पण रोज एक याप्रमाणे अनेक दिवस द्यावे लागते आणि त्याचीही सुरुवात २४ तासांनंतरच करायची असते, म्हणजे फेऱ्या वाढतात. केमोच्याच दिवशी इंजेक्शन देऊन मोकळे व्हावे, असेही एकाने सुचवले. औषधाच्या माहितीपत्रकात जे करू नये म्हणून स्पष्ट लिहिले आहे ते सोयीसाठी करायला डॉक्टरांनी नकार दिला आणि तो विषय तिथेच संपला.

राहिले दोन पर्याय. पहिला, भरलेली सिरिंज बर्फाच्या पिशव्यांसह थर्मासमध्ये घालून रुग्णासोबत पाठवावी आणि दुसऱ्या दिवशी गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा घरातील शिकवलेल्या माणसाने ती द्यावी. दुसरा, उपकरण. पहिल्या पर्यायाविरुद्ध दोन आक्षेप घेण्यात आले. औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते, आणि बाहेरून आलेले औषध टोचायला आरोग्य केंद्रातील कर्मचारी तयार होत नाहीत. दोन्ही आक्षेप खरे होते, मात्र त्यांची पडताळणी त्या टप्प्यावर कोणी केली नाही. पेगफिलग्रास्टिमची मूळ सिरिंज खोलीच्या तापमानाला ४८ तासांपर्यंत चालते, म्हणजे थर्मासला एका रात्रीपुरतीच मदत करायची होती. एप्रिल-मे महिन्यांत जत भागात पारा चाळिशी ओलांडतो आणि त्याला कोणी खोलीचे तापमान म्हणणार नाही, हेही खरे. पण ही अडचण सोडवण्याजोगी होती. तिच्यामानाने नवे उपकरण घडवणे अधिक आव्हानात्मक आणि, स्पष्ट बोलायचे तर, अधिक आकर्षक होते.

रचनेतील निर्णय

पहिला निर्णय नळी त्वचेत केव्हा घालायची याचा होता. अशा उपकरणात पोलादी सुई मऊ नळीला त्वचेखाली नेऊन बसवते आणि स्वतः मागे सरकते. हे चिकटवल्यानंतर काही मिनिटांतच घडवले तर टोचणी रुग्णालयात, परिचारिकेसमोर होते. पण नळी पुढे सव्वीस-सत्तावीस तास कोरडी पडून राहते, आणि ती मुडपण्याची किंवा तिच्या टोकाशी ऊतीतील द्रव साकळून ती बंद होण्याची शक्यता वाढते. उलट डोसच्या क्षणी नळी घातली तर ती ताजी असते, परंतु दचकवणारी टोचणी घरी, कदाचित स्वयंपाक करताना किंवा झोपेत होते, आणि ती चुकली तर पाहायला कोणी नसते. चमूने पहिला मार्ग घेतला. अमेरिकी उपकरणातही तोच आहे, आणि माझ्या मते तो योग्यच होता.

विलंब किती ठेवायचा यावर फार वाद झाला नाही. केमो कोणत्या वेळी संपली त्यानुसार परिचारिकेला तास बदलता यावेत, अशी सूचना आली होती. म्हणजे डोस रात्री न पडता रुग्ण जागा असताना पडेल. मात्र जे बदलता येते ते चुकीचेही लावता येते, आणि २४ ऐवजी १४ तास लावले गेले तर नुकसान मोठे. विलंब २७ तासांवर कायम केला गेला आणि उपकरण चिकटवण्याची वेळच दुपारी चारच्या आत ठेवावी, असे ठरले.

औषध ढकलण्यासाठी स्प्रिंग, वायू तयार करणारा सेल, आकारस्मृती धातूची (तापल्यावर मूळ आकारात येणारी) तार आणि छोटी मोटर असे मार्ग तपासले गेले. स्प्रिंग स्वस्त पडते, पण सत्तावीस तास ताणून धरलेली स्प्रिंग अचूक क्षणी आणि हळू वेगाने सोडण्यासाठी जी यंत्रणा लागते तिने स्वस्ताई खाऊन टाकली. शेवटी मोटर आणि आटे पाडलेला दांडा ही जोडी निवडली गेली, कारण तिचे सुटे भाग मिळत होते आणि कुपवाडच्या साचेकामात दांड्याची अचूकता साधत होती. ४५ मिनिटांत ०.६ मिलिलिटर म्हणजे मिनिटाला सुमारे १३ मायक्रोलिटर. चाचणी-मेजावर हा प्रवाह व्यवस्थित मिळाला. एका बैठकीत हे काम पाहायला आलेल्या, द्राक्षबाग असलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाने 'म्हणजे हे अंगावरचे ठिबकच की' असे म्हटले आणि लगेच विचारले, की ड्रिपर चोंदला तर तुम्हाला कळते का?

प्रश्न नेमका होता. नळी चोंदली की मोटरवरचा ताण वाढतो, तिने ओढलेला विद्युतप्रवाह वाढतो आणि त्यावरून अडथळा ओळखता येतो. मात्र इतक्या मंद प्रवाहात आतली रबरी बूच आणि प्लास्टिकचे भाग किंचित फुगून दाब पोटात घेतात, त्यामुळे इशारा उशिरा मिळतो. उशिरा का होईना, मिळतो. खरी अडचण याच्या उलट बाजूला होती. नळी त्वचेतून निसटून बाहेर आली तर औषधाला अडथळा होत नाही, ते चिकटपट्टीवर सांडते, मोटर आनंदाने फिरते, दट्ट्या शेवटपर्यंत जातो आणि दिवा हिरवा लागतो. उपकरणाला फक्त दट्ट्या सरकल्याचे कळते. औषध शरीरात गेल्याचे त्याला कळायचा मार्ग नाही.

पोट, परकर आणि चिकटपट्टी

नळी निसटते ती बहुधा चिकटपट्टीची कड उचलली गेल्यामुळे. म्हणून हा भाग यंत्रणेपेक्षा महत्त्वाचा ठरला, तरी तो हाती घेतला गेला सर्वांत शेवटी.

सुरुवातीचे नमुने महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी आणि कारखान्यातल्या कामगारांनी, म्हणजे पँट घालणाऱ्या आणि बहुतांशी खुर्चीत बसणाऱ्या पुरुषांनी, लावून पाहिले होते. पट्टी टिकली. नंतर नीतिमत्ता समितीच्या परवानगीने, सुई आणि औषध नसलेले, केवळ वजनाने आणि आकाराने सारखे असलेले नमुने काही स्वयंसेवक स्त्रियांना दीड दिवस लावायला दिले गेले, तेव्हा चित्र पालटले. पाचवारी साडीखालच्या परकराची नाडी बेंबीच्या खाली जिथे आवळली जाते, नेमकी तीच जागा उपकरणासाठी निवडलेली होती. बेंबीपासून दोन इंच दूर राहावे, ही सूचना पाळूनही उपकरणाची वरची कड नाडीखाली येत होती. उभे असताना काही होत नसे. उकिडवे बसून भांगलण करताना किंवा भाकरी थापताना पोटाची वळी वर सरकली, की नाडी कडेवर घासून पट्टी सोलत असे. त्यात घाम, आणि काहींच्या बाबतीत अंघोळीआधी अंगाला लावलेल्या तेलाचा अंश. स्पिरिटने पुसूनही तेलकट त्वचेवर ॲक्रिलिकची पट्टी पहिल्या काही तासांतच कडेने सुटू लागली. अधिक जोरकस डिंक वापरावा, तर केमोने नाजूक झालेली त्वचा काढताना सोलवटण्याची भीती. मऊ सिलिकॉन वापरावे, तर पकड कमी.

दंडाची मागची बाजू हा पर्याय वरवर सोपा वाटतो. परंतु स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातावर सूज येण्याच्या भीतीने टोचणी टाळली जाते, उरलेल्या हातावर ब्लाउजची घट्ट बाही येते, आणि दंडामागचा दिवा रुग्णाला स्वतः पाहता येत नाही.

चमूने तीन बदल केले, आणि तिन्ही नीट विचार करून केलेले होते. उपकरणाची जागा बेंबीच्या वर, एका बाजूला, नाडी आणि ब्लाउज यांच्या मधल्या पट्ट्यात नेली. तसेच लांबट आकार उभा न ठेवता आडवा केला, जेणेकरून तो पोटाच्या वळीला आडवा न जाता तिच्या दिशेने राहील. पट्टीची कड उपकरणाच्या बाहेर अधिक रुंद, पातळ आणि श्वास घेणाऱ्या कापडाची केली. नमुने बरेच चांगले टिकू लागले. मात्र ही जागा पदराखाली फुगवटा दाखवते, आणि 'हे काय लावलंय' या शेजारणीच्या प्रश्नाला उत्तर देण्याची तयारी सगळ्यांची नव्हती. दोघींनी उपकरण लपवण्यासाठी परकर वर ओढून बांधला आणि अडचण पुन्हा तिथेच आली.

सांडलेले औषध ओळखण्यासाठी पट्टीत ओल टिपणाऱ्या विद्युतवाहक रेषा घालण्याचा प्रयत्न झाला. औषधाचे द्रावण रंगहीन असते आणि घामही खारट, विद्युतवाहक असतो. दोन्हींत फरक करणे जमले नाही. उन्हाळ्यात खोटे इशारे इतके आले, की ती कल्पना सोडून दिली गेली.

कलाटणी

उपकरणाच्या मानवी चाचणीचा आराखडा समितीपुढे गेला तेव्हा तांत्रिक बाजूंवर फारशी चर्चा झाली नाही. एका सदस्याने विचारले, की डोस गेला नाही तर ते कोणाला, किती वाजता कळेल, आणि त्या वेळी ती व्यक्ती काय करू शकेल. उत्तर द्यायला चमूतील कोणी तयार नव्हते. ते दिले केमो विभागातील ज्येष्ठ सिस्टरांनी. त्या म्हणाल्या, "आत्ता मावशी आल्या नाहीत तर मला संध्याकाळी वहीत रिकामी जागा दिसते, मी फोन करते. मशीन लावून पाठवलं तर वहीत 'दिलं' असं आधीच लिहिलेलं असेल."

या उत्तराचे वजन त्या बैठकीत सर्वांना कळले असे वाटत नाही, पण इतिवृत्तात ते शब्दशः आहे. विलंबाने चालणारे उपकरण रुग्णाची फेरी वाचवते, आणि त्याच वेळी डोसचा साक्षीदार काढून घेते. अमेरिकी उपकरणातही रुग्णाला दिवा, भरल्या-रिकाम्याची खूण आणि पट्टी ओली झाली आहे का हे पाहण्याच्या सूचना असतात, आणि शंका आल्यास लगेच कळवायचे असते, जेणेकरून दुसरा डोस देता येईल. म्हणजे तिथेही साक्षीदार रुग्णच आहे. फरक इतकाच, की जतच्या वाडीवर रात्री आठ वाजता लाल दिवा दिसला तर पुढचा डोस पुन्हा मिरजेतच होता.

त्याच सुमारास खर्चाचा हिशेब आला. भारतात पेगफिलग्रास्टिमची जैवसमान (बायोसिमिलर) औषधे अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांची किंमत मूळ औषधाच्या तुलनेत खूपच कमी आहे. मोटर, बॅटरी, सर्किट, निर्जंतुकीकरण आणि वेष्टन धरून एकदाच वापरायच्या उपकरणाचा उत्पादनखर्च आतल्या औषधाच्या किमतीला भिडू लागला. अमेरिकेत औषधच इतके महाग होते, की उपकरणाचा खर्च त्यात सहज झाकला गेला. इथे तो झाकायला जागा नव्हती. शिवाय औषध मूळ सिरिंजमधून उपकरणात भरून अंगाच्या उबेत सत्तावीस तास ठेवायचे, तर ते टिकते याचा पुरावा हवा, आणि औषधनिर्मात्या कंपनीच्या सहकार्याशिवाय तो उभा करणे या चमूच्या आवाक्याबाहेर होते. २०१७ च्या वैद्यकीय उपकरणे नियमांखाली चाचणीसाठी केंद्रीय संस्थेची परवानगी, तसेच आयएसओ ११६०८ या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेतील अंगावरच्या उपकरणांसाठीचा सहावा भाग या अटी त्याउपर होत्या. त्या जाचक नव्हत्या, पण स्वस्तही नव्हत्या.

केलेली कृती आणि निष्पत्ती

पेगफिलग्रास्टिमसाठीचे उपकरण थांबवले गेले. बाजूला टाकलेला थर्मासचा पर्याय डॉक्टरांनीच पुन्हा काढला. आरोग्य केंद्राचा आक्षेप मुख्यतः कागदाचा निघाला. औषधाचे नाव, तुकडी क्रमांक, देण्याची सर्वांत लवकरची तारीख-वेळ, तज्ज्ञ डॉक्टरांची सही आणि फोन असलेले मराठी पत्र सोबत दिल्यावर बहुतेक ठिकाणी इंजेक्शन दिले गेले. रविवार आणि सुट्ट्या शिल्लक राहिल्या. त्यासाठी केमोचे दिवस हलवले गेले, आणि ज्यांच्या घरी तयारीचे माणूस होते त्यांना टोचणे शिकवले गेले. बर्फाच्या पिशवीला सिरिंज थेट टेकून गोठू नये म्हणून मध्ये कापडाची घडी ठेवण्याची पद्धत सिस्टरांनी घालून दिली. इंजेक्शन झाल्यावर रिकाम्या सिरिंजचे छायाचित्र पाठवायचे, आणि वहीतली जागा तेव्हाच भरायची. वापरलेली सिरिंज जाड प्लास्टिकच्या डबीत पुढच्या चक्राला परत येते आणि रुग्णालयाच्या धारदार कचऱ्यात जाते. जतच्या बाईंची उरलेली इंजेक्शने गावाजवळच्या केंद्रातच झाली.

पंपाचे काम वाया गेले नाही, पण ते दुसरीकडे वळवताना आधी एक मोह आवरावा लागला. हृदयविकारात फुफ्फुसांत आणि पायांत पाणी साठणाऱ्या रुग्णांसाठी फ्युरोसेमाइड त्वचेखाली देणारे उपकरण अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजूर झाले आहे. ते ८० मिलिग्रॅम औषध पाच तासांत देते. चमूतील काहींना तोच मार्ग सोपा वाटला. परंतु बाजारात मिळणारे फ्युरोसेमाइडचे इंजेक्शन अल्कधर्मी असते आणि त्वचेखाली झोंबते. त्या उपकरणासाठी औषधाचे वेगळे, उदासीन सामू असलेले द्रावण बनवावे लागले होते. ते आपल्याकडे नसताना पंप बनवून उपयोग नव्हता.

शेवटी थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना दिल्या जाणाऱ्या डेफेरॉक्झामिनकडे काम वळले. वारंवार रक्त चढवल्याने साठणारे लोह बाहेर काढणारे हे औषध आठवड्यातील पाच ते सात रात्री, प्रत्येक वेळी ८ ते १२ तास त्वचेखाली द्यावे लागते. तोंडाने घ्यायच्या औषधांमुळे त्याचा वापर घटला असला तरी तो संपलेला नाही. इथे विलंब नाही. आई औषध इंजेक्शनसाठीच्या निर्जंतुक पाण्यात विरघळवते, पंप लावते, सुरू होताना पाहते आणि सकाळी काढताना पट्टी ओली आहे की नाही हे तिच्या हाताला कळते. पंप रोजचा असल्याने मोटर आणि बॅटरीचा भाग पुन्हापुन्हा वापरता येतो, आणि फेकायचा भाग स्वस्त ठेवता येतो. हे काम हा मजकूर लिहिताना नमुन्याच्या टप्प्यावर आहे.

वेगळे काय करता आले असते

वापरणाऱ्यांची निवड उलट क्रमाने व्हायला हवी होती. मोटर कोणती घ्यावी हे ठरण्याआधी, लाकडाचा किंवा साच्यातला पोकळ ठोकळा साडी नेसणाऱ्या, उकिडवे बसून काम करणाऱ्या स्त्रियांना लावून पाहता आला असता. त्याला सर्किट लागत नव्हते, पैसेही जवळजवळ लागत नव्हते. आडवा आकार आणि बेंबीवरची जागा पहिल्याच महिन्यात ठरली असती, आणि त्या आकारात मोटर बसते का हा प्रश्न नंतर आला असता.

सिस्टर चमूत अगदी शेवटी आल्या. त्यांची वही हीच त्या विभागातील डोस चुकल्याचे ओळखणारी एकमेव यंत्रणा होती, आणि रचनेच्या कागदांत तिचा उल्लेख कुठेच नव्हता. जोखमींचा तक्ता भरताना 'नळी निसटली' यापुढे 'रुग्णाला इशारा' असे लिहिले गेले. तो इशारा निघणारच नाही, हे चाचणी-मेजावर पट्टी मुद्दाम सैल करून पाहिली असती तर तेव्हाच दिसले असते.

औषध कंपनीशी बोलणे उशिरा झाले, हा आक्षेप चमू स्वतःवर घेतो. मला तो तितका निर्णायक वाटत नाही. कंपनी पहिल्या दिवशी तयार झाली असती, तर काम अधिक पुढे जाऊन, अधिक पैसे खर्चून त्याच प्रश्नाशी थांबले असते. थर्मास आणि पत्राचा प्रयोग मात्र उपकरणाच्या कामासोबतच, पहिल्या आठवड्यापासून चालवता आला असता. तसे झाले असते तर प्रकल्प सुरू असताना केमोला आलेल्या रुग्णांना त्याचा लाभ मिळाला असता, आणि तो प्रयोग कोणत्या गावांत, कोणत्या वारी फसतो हे पाहून उपकरण खरोखर कोणाला लागेल याची यादी हाती आली असती. ती यादी आता सिस्टरांच्या वहीत तयार होत आहे. तिच्यात आजवर बहुतांशी एकट्या राहणाऱ्या वृद्ध रुग्णांची नावे आहेत.